शेजारचे ब्रिगेडियर आणि माझे बाबा

आयर्लंडमधल्या नास गावात आमच्या शेजारी एक निवृत्त ब्रिटिश ब्रिगेडियर राहतात. बायको इथली, म्हणून इथेच स्थायिक झाले. आपण फौजेत होतो हे मात्र ते गावात कुणाला सांगत नाहीत. परदेशात नोकरी होती, एवढंच. ब्रिटिश वर्दीचा विषय इथे शहाणा माणूस काढत नाही. माझ्या बाबांनी त्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं ते बुटांवरून. बागेत चिखल तुडवायच्या बुटांना एवढं पॉलिश दुसरं कोण करणार?

बाबा आपल्या फौजेतले निवृत्त सुभेदार, उन्हाळ्यापुरते माझ्याकडे आलेले. सीमेवर काय काय झालं, हे मी लहानपणापासून विचारत आले. उत्तर ठरलेलं: "ड्युटी होती." आणि इथे रोज संध्याकाळी ब्रिगेडियर साहेबांच्या बागेतल्या बाकावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत तासन्‌तास गप्पा. साहेबांनी बसा म्हटल्याशिवाय बाबा बसायचे नाहीत, पण एकदा बसले की उठायचे नाहीत. मी चहा घेऊन गेले की दोघंही गप्प. माझा नुसता जळफळाट व्हायचा. बाप माझा, विमानाचं तिकीट मी काढलेलं, आणि माझ्या वाट्याला रिकामे कप.

जेवताना बाबा बोलायचे तेही साहेबांबद्दलच. विशीतच लेफ्टनंट झाले, बेलफास्टच्या गल्लीत गस्तीवर शेजारी चालणारा शिपाई पोरगा गोळी लागून गेला, पुढे वाळवंटातली लढाई, मग बढत्या आणि ऑफिसं. त्या पोराच्या आईला अजून दरवर्षी भेटायला जातात. एका परक्या माणसाची अख्खी कारकीर्द मला पाठ झाली. तुमचं सांगा ना, म्हटलं की बाबा ताक मागायचे.

बाबा परत जायच्या आदल्या रविवारी साहेबांची मुलगी लिमरिकहून आली. माझ्याच वयाची. आम्ही दोघी माझ्या किचनच्या खिडकीतून बाकाकडे बघत उभ्या होतो. वडील मला काही सांगत नाहीत, तुझ्या बाबांना मात्र सगळं सांगतात, याचा फार राग येतो, असं ती म्हणाली. तिला फोन केला तरी साहेबांचा विषय एकच, माझे बाबा.

"काय सांगतात?" मी विचारलं.

"बर्फातली ती चौकी. जखमी मित्राला तुझ्या बाबांनी पाठीवर घेऊन खाली आणलं ते. तुला माहीतच असेल."

माझ्या पोटात दुखलंच. बाबांची गोष्ट हिच्याकडे होती.

मी केटल लावली आणि तिच्यापुढे खुर्ची सरकवली. "पहिल्यापासून सांग," म्हटलं. "मग मी तुला बेलफास्टचं सांगते."