दौंडच्या सोडा मशीनचा ठोका

मशीन दुरुस्त झालं होतं आणि सोडा होत नव्हता.

माझ्या शिक्रापूरच्या वर्कशॉपमध्ये आम्ही तिघं उभे होतो. मी, दौंडचे सोडावाले आप्पा आणि त्यांची सून रेखा. टेबलावर गोटी सोड्याच्या सहा बाटल्या. चार ठीक. दोन बाटल्यांत गोटी बसलीच नव्हती, त्यामुळे मशीनमधून काढताच गॅस फुस्सकन निघून गेला होता.

"मॅडम, जुनं व्हतं तवा एक बाटली वाया जात न्हवती," आप्पा म्हणाले.

"आन् गॅस निम्मा दुकानातच सुटायचा," रेखा म्हणाली.

दोघंही खरं बोलत होते.

आधी मशीन समजावून सांगते. लोखंडी स्टँडवर एक पिंजरा असतो, त्यात पाणी भरलेल्या दोन बाटल्या बसतात. हँडल मारलं की पिंजरा बाटल्यांसकट उलटा होतो, परत सुलटा होतो. सिलिंडरमधला गॅस पोकळ शाफ्टमधून बाटलीच्या तोंडात शिरतो आणि या घुसळण्यामुळे पाण्यात मुरतो. शेवटी बाटली उलटी असतानाच गॅसचा कॉक बंद करायचा. काचेची गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि आतल्या दाबाने तिथल्या रबरी रिंगवर घट्ट बसते. गोटी हेच बाटलीचं बूच.

हे मशीन आप्पांच्या वडिलांनी घेतलेलं. शाफ्ट ज्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या कड्यात, फिरतो तो बुश झिजून लंबगोल झाला होता. शाफ्ट खडखडायचा, गॅस अडवणारं पॅकिंग खायचा आणि तिथून गॅस सुटायचा. आप्पांचा खांदा कामातून गेलेला, म्हणून दुकान यापुढे रेखा चालवणार होती. तिची अट होती, मोटर बसवा. आप्पांची अट होती, होतं तसं करून द्या. हायवेवरचा एक हॉटेलवाला काउंटरसमोर शोभेला ठेवायला मशीन मागत होता. जमलं नाही तर मशीन तिकडे जाणार आणि दुकान बंद होणार, हे दोघांनाही माहीत होतं.

मी पूर्वी एका बॉटलिंग प्लँटच्या मेंटेनन्सला होते. तिथली सवय अशी, की काहीही उघडण्याआधी दोन याद्या करायच्या. एक मूळचं ठेवायचं त्याची, दुसरी बदलायचं त्याची. जिथे गॅसचा दाब येतो ते सगळं मी दुसऱ्या यादीत टाकलं. रेग्युलेटर, नळी, पॅकिंग. शिवाय बाटली फुटली तर काच अंगावर उडू नये म्हणून पिंजऱ्याभोवती जाळी.

"माझ्या बापानं कधी जाळी लावली न्हाई," आप्पा म्हणाले.

"म्हणून तर त्यांच्या कपाळाला टाके पडले. तुम्हीच सांगता की," रेखा म्हणाली.

जाळी बसली. नवा गनमेटलचा बुश मूळ मापाने लेथवर करून घेतला. मोटरचं नंतर बघू, आधी हाताने नीट चालू दे, असं मी म्हटलं. पिंजरा एका बोटाने फिरायला लागला. आणि बाटल्या वाया जायला लागल्या.

पहिला संशय रिंगांवर. सगळ्या बदलल्या, फरक नाही. दुसरा संशय प्रेशरवर. गेज तपासला, बरोबर होता. आप्पांचा संशय पाण्यावर होता.

"शिक्रापूरच्या पाण्यात दम न्हाई. सोडा दौंडच्याच पाण्याचा व्हतो."

मला पटलं नाही, पण तपासायला काही हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी रेखा एसटीने पाण्याचा कॅन घेऊन आली. दौंडच्या पाण्यानेही तेच झालं.

"कॅनमधी ऱ्हाऊन शिळं झालं आसंल," आप्पा म्हणाले.

"मग उद्या भीमा नदीच घेऊन येते," असं म्हणत रेखाने स्वतः हँडल हातात घेतलं. दोनदा मारलं आणि थांबली.

"मॅडम, ह्याचा आवाज कुठं गेला?"

"कसला आवाज?"

"बाटली उलटी झाली की ठक् व्हायचं. मी मागं सैपाक करायची तवा ऐकू यायचं. ठक् थांबलं की समजायचं, बाटली झाली."

"तो झिजलेल्या बुशचा आवाज," मी म्हणाले. बोलता बोलताच डोक्यात उजेड पडला.

बाटलीच्या गळ्यात दोन खाचा असतात. पिताना गोटी तिथे अडकून राहावी म्हणून. भरतानाही ती कधीकधी तिथेच रेंगाळते. बुश ढिला होता तोवर पिंजरा उलटला की शाफ्ट त्या ढिल्या जागेत आदळायचा, दणका बसायचा आणि गोटी सुटायची. मी बुश घट्ट केला आणि दणका घालवला. मोटरच्या संथ फिरण्यातही तो मिळाला नसता.

खात्री करून घेतली. बाटली उलटी असताना पिंजऱ्याला लाकडी हातोडीचा हलका टोला दिला, गोटी बसली. टोला न देता परत भरल्या, पुन्हा काही फुसक्या निघाल्या.

पण मशीन नवं होतं तेव्हा बुश घट्टच असणार. मग तेव्हा गोटी कशी बसायची? मी खाली वाकून स्टँड खरवडला. रंगाच्या थरांखाली दोन बुजलेली भोकं सापडली.

"आप्पा, इथे काय होतं?"

"तिथं? लाकडाचा ठोकळा व्हता. पिंजरा त्याच्यावर येऊन आपटायचा. लई वर्सांपूर्वी मोडला. पर त्याच्याबिगर बी चालायला लागलं, मंग ऱ्हायलं."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

म्हणजे ठोकळा मोडला आणि त्याचं काम झिजलेला बुश करत राहिला. आप्पा ज्याला मूळचं म्हणत होते ते मूळचं नव्हतंच. बाभळीचा ठोकळा करून त्याच भोकांत बोल्टने आवळला. रेखाने हँडल मारलं. ठक्. त्यानंतर एकही बाटली वाया गेली नाही.

"मोटरचं काय करायचं?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," रेखा म्हणाली. "बुशमुळंच हँडल जड जात व्हतं. आन् लाईट गेल्यावर मोटर कोण फिरवणार?"

हॉटेलवाल्याला रेखानेच फोनवर नाही सांगितलं. दुकान सुरू आहे. हँडल तिच्या हातात असतं. आप्पा खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना सांगतात, सगळी करामत दौंडच्या पाण्याची.

मी आता दोनाऐवजी तीन याद्या करते. तिसरी, मशीनवरून काय गळून पडलंय त्याची. ती मशीन बघून होत नाही, मालकाला विचारावं लागतं.