चार टायरच्या बैलाचा दम

आमच्या घरच्या मानाच्या बैलाला चार टायर आहेत.

मी थट्टा करत नाही. लोहा तालुक्यातल्या आमच्या गावात पोळ्याला मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. ते तोडून सगळ्यात आधी पुढे जायचा मान आमच्या घराचा. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांपासून आमची लाल कंधारी जोडी पुढे आणि सगळा गाव मागे. पण जोडीतला एक बैल म्हातारपणाने गेला आणि दुसरा इतका थकला की त्याला गोठ्यातच पुरणपोळी भरवायची ठरली. नवी जोडी बघायच्या आतच माझ्या नवऱ्याने, म्हणजे दत्ताने, लातूरकडच्या एका बंद पडलेल्या कृषी पर्यटन केंद्रातून एटीव्ही आणली. मोटारसायकलसारखं हँडल आणि चार जाड टायर! काळ्या रानातल्या ज्या चिखलात ट्रॅक्टर रुतून बसतो, तिथून ही भुर्रकन निघते. चारा, खत, फवारणीचा पंप, सगळं तीच वाहते. सासूबाईंनी (मी त्यांना आत्या म्हणते) शेजारणीला कौतुकाने सांगितलं, "आमच्या दत्तानं टीव्ही आनलाय." शेजारीण संध्याकाळी मालिका बघायला आली.

पोळा जवळ आला तसे मामा, म्हणजे माझे सासरे, पारावर जाऊन म्हणाले, "आवंदा आमच्याकून ही गाडी मानाला."

भावकीतले बापूराव ताडकन उठले. त्यांच्या दारात तगडी बैलजोडी, आणि मानावर डोळा कितीतरी वर्षांचा. "टीव्हीला कसला पोळा ओ? शिंगं हायत का त्याला?"

"ज्याच्या जिवावर रान पिकतं, त्याचा पोळा!" मामा गरजले.

सरपंचबाईंनी दोघांना खाली बसवलं आणि निवाडा दिला. "देवळाची चढण गाडीनं आपल्या दमावर चढायची. मागून कुनी बी ढकललं, की मान बापूंच्या जोडीला. कायमचा."

त्या 'कायमचा'ने मामांचा चेहरा उतरला. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि मी मनाशी ठरवलं की या पोळ्याला आपणही काहीतरी करून दाखवायचं. (इथेच घात झाला.)

आता माझ्याबद्दल. लोह्याच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण सांगते. माझ्या फिटिंगला तालुक्यात तोड नाही! नांदेडहून बायका येतात. माझा ब्लाउज अंगात घातला की जागचा हलत नाही. बाई हलेल, ब्लाउज हलणार नाही. तर अशा हातांनी मी आमच्या बैलाची झूल शिवायला घेतली. जांभळी मखमल, आतून जाड अस्तर, कडेला पांढरं पायपिंग, आरसे, गोंडे. झूल नुसती पाठीवर टाकायची असते हे मलाही माहीत आहे. पण वाऱ्याने फडफडणारी झूल माझ्या दुकानाच्या नावाला शोभली नसती. मी सीट, टाकी, बाजूचे पत्रे, सगळ्यांची मापं घेतली आणि टक्स घालून, खालून नाड्या आवळून अशी झूल बसवली की बोट आत जायला जागा नाही. खालच्या कडेला ज्वारीच्या कोवळ्या हिरव्या पात्यांची झालर लावली. आत्या बघून म्हणाल्या, "अगं बया, ही तर नवरी दिसून राहिली!" माझी मान ताठ झाली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि जेवणाचं आमंत्रण द्यायचं. एटीव्हीचा खांदा कोणता यावर घरात थोडा वाद झाला. शेवटी आत्यांनी हँडलच्या दोन्ही मुठींना तूप चोळलं आणि गाडीच्या पुढच्या दिव्याच्या काचेजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." उत्तरादाखल दत्ताने हॉर्न वाजवला. मामा किती दिवसांनी हसले!

दुसऱ्या दिवशी सकाळी झूल घालून रंगीत तालीम करायची ठरली. दत्ता ऐटीत बसला. चालू केली तर आवाज गोड. त्याने अंगठ्याने दाब दिला (हिचा ॲक्सिलरेटर मुठीजवळ, अंगठ्याने दाबायचा असतो), आणि गाडी 'घुर्रर्र' करून दम लागल्यासारखी खोकायला लागली. अंगणातून गल्लीत जाईपर्यंत आमची कोंबडी तिच्या पुढे गेली.

"काय झालं ओ?" मी ओरडले.

"उचलून न्हाई राहिली! पावरच न्हाई!"

"तुपानं हात घसरून राहिला असंल," मामा म्हणाले. मुठी राखेने घासून काढल्या. फरक शून्य.

मग सुरू झाली दमाची परीक्षा. आमच्या घरात प्रत्येकाची परीक्षेची रीत वेगळी. दत्ता कानाने बघतो. डोळे मिटून, मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि शेवटी "हं" म्हणतो, त्यातून कुणालाच काही कळत नाही. मामांचं म्हणणं, "जनावराचा दम रिकाम्या पाठीवर कळत न्हाई. वझं टाका, आन ओढ्याच्या चढाला घाला." आत्यांची रीत सगळ्यात जुनी. निरोगी बैलाचं नाक ओलं असतं, कोरडं पडलं की दुखणं आलं. त्या पदर खोचून गाडीभोवती फिरायला लागल्या. "याचं नाक कुठशी हाय रे दत्ता?"

"आई, गाडीला नाक नसतंय!"

"नाक न्हाई तर दम कशानं घेतंय ते?" आत्यांनी दिव्याची काच चाचपली. "कोरडं ठाक पडलंय बाई!"

ओढ्याकडे निघायच्या आधी मी आडवी झाले. "झूल काढा आधी! पायपिंग पांढरं आहे, चिखल उडेल!" सगळ्या नाड्या सोडून मी झूल काढून घेतली. मागे खताची दोन पोती, पोत्यांवर स्वतः मामा. दत्ताने दाब दिला आणि गाडी ओढ्याचा चढ अशी सुसाट चढली की मामांचा पटका मागेच राहिला!

"हाय की दम! लई हाय!" मामा वरून ओरडले. आम्ही नाचत घरी आलो. मी पुन्हा झूल चढवली, नाड्या आवळल्या. दत्ताने दाब दिला. घुर्रर्र.

"आता कस्काय?" दत्ता रडकुंडीला आला. प्लग साफ केला. टायरात हवा भरली. पेट्रोल बदललं. या प्रत्येक कामाआधी मी झूल काढत होते (तेलाचे डाग निघत नाहीत हो!), आणि प्रत्येक कामानंतर गाडी बाणासारखी सुटत होती. मग मी झूल घालत होते आणि गाडी आजारी पडत होती. एवढी साधी गोष्ट घरातल्या चार शहाण्यांपैकी एकालाही दिसली नाही. दत्ताचं मत पडलं की इंजिन आतून गेलंय. मामांचं मत पडलं की ती गर्दीला बुजून राहिलीय. आत्यांचं निदान मात्र ठाम होतं. "नजर लागली. ह्या बापूची."

आत्यांनी मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेतल्या. ठिणगी उडून मखमल जळेल म्हणून मी अर्थातच झूल काढली. दृष्ट काढून झाली, चुलीत मिरच्या तडतडल्या, सगळ्यांना ठसका लागला आणि गाडी वाघासारखी गुरगुरत अंगणात गोल फिरली.

"बघा!" आत्या म्हणाल्या. "मी काय म्हनलं?"

मी आनंदाने झूल घातली. घुर्रर्र. दाराकडे बघितलं, तर बापूराव उभे.

"पुन्हा लागली!" आत्या किंचाळल्या. बापूराव बिचारे मिरवणुकीची वेळ सांगायला आले होते.

दुपार टळली. वाजंत्री दारात आली. मामांनी नवा पटका बांधला आणि हळू आवाजात दत्ताला म्हणाले, "गाडी जेवढी चालंल तेवढी चालव. पन कुनाला ढकलू देऊ नको. मान गेला तर सरळ जाईल, असा लाजिरवाना नको." मला वाटलं, निदान झूल तरी अशी दिसावी की लोक चाल विसरून नुसतं बघत राहतील. मी नाड्या आणखी एकदा करकचून आवळल्या.

सपाट रस्त्यावर निभावलं. वाजंत्री पुढे, आमची गाडी गोगलगाईच्या ऐटीत मध्ये, आणि लगेच मागे बापूरावांची जोडी. बायका माझ्या झुलीकडे बोटं दाखवत होत्या. एका बाईने तर चालता चालता विचारलं, "असा गळा ब्लाउजला होईल का ओ ताई?" मी हो म्हटलं.

मग देवळाची चढण आली. दत्ताने दाब दिला. गाडी चढणीच्या मध्यापर्यंत गेली, खोकली, आणि थांबली. इंजिन चालू, टायर गप्प.

"ढकला रे!" कुणीतरी ओरडलं.

"हात लावायचा न्हाई!" बापूराव त्याच्या दुप्पट ओरडले. "सरपंचबाई, बघा बरं का! सगळ्यांनी बघा!"

वाजंत्री थांबली. मामांनी डोळे मिटले. आत्या दिव्याच्या काचेशी वाकून काकुळतीला आल्या, "चल रे राजा, पुरनपोळी केलीय रे." दत्ताने अंगठा पार मुडपेपर्यंत दाब दिला होता. सगळा गाव श्वास रोखून होता. (आमची गाडीसुद्धा, हे आम्हाला नंतर कळलं.)

आणि तेवढ्यात बापूरावांच्या डाव्या बैलाला भूक लागली. सकाळपासून त्याला सजवण्यात बापूरावांचं वैरणीकडे लक्ष नव्हतं, आणि त्याच्या तोंडासमोर होती माझी ज्वारीच्या पात्यांची झालर. त्याने पुढे होऊन झालर तोंडात धरली आणि मानेला हिसडा दिला.

"माझी झूल!" मी किंचाळले.

नाड्या तटातट तुटल्या. मखमल टर्रकन फाटली आणि जांभळी झूल बैलाच्या तोंडात गेली. त्याच क्षणी गाडीच्या पोटातून असा आवाज निघाला की वाजंत्रीवाले बाजूला पळाले. दाब तर आधीपासून पुरता दिलेलाच होता! गाडी पुढची चाकं उचलून उधळली, दत्ता हँडलला लोंबकळत, चढण संपली, तोरण तुटून दत्ताच्या गळ्यात पडलं, आणि गाडी देवळाच्या पायरीपाशी नारळांच्या ढिगात जाऊन थांबली.

गावाने आरोळी ठोकली. मामा धावले. सत्तरीचा माणूस, पण चढण बैलासारखी चढले आणि लेकाला मिठी मारून ढसाढसा रडले. त्या घडीला मला माझ्या घराचा, गाडीचा, अगदी त्या खादाड बैलाचासुद्धा एवढा अभिमान वाटला की मीही रडले.

"हे चालायचं न्हाई!" बापूराव धापा टाकत वर आले. "माझा बैल लागला त्याला!"

सरपंचबाईंनी क्षणभर विचार केला. "बापू, ठरलं होतं मागून ढकलायचं न्हाई. तुमच्या बैलानं तर मागं ओढलं. मागून ओढत असताना बी जी चढली, तिचा दम काय कमी म्हनावा? मान त्यांचा."

एवढ्यात दत्ताने टाकीखालच्या जाळीतून, जिथून इंजिन हवा आत घेतं, जांभळ्या मखमलीचा एक तुकडा ओढून काढला. त्याला एक आरसा आणि अर्धा गोंडा चिकटलेला होता. जेवढा जास्त दाब द्यावा तेवढी झूल आत ओढली जायची आणि वाट बंद व्हायची. सगळ्यांनी तुकड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"हे बघा नाक!" आत्या टाळी वाजवून म्हणाल्या. "सकाळधरनं हुडकून राहिले मी! सुनंदे, तू दाबलंस की गं त्याचं नाक!"

"फिटिंग जरा जास्तच चांगली झाली," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

संध्याकाळी बापूराव घरी आले. सोबत तोच डावा बैल. मला वाटलं, भांडायला आले. पण ते ओट्यावर बसले, पुरणपोळी खाल्ली, आणि जरा घुटमळत म्हणाले, "सूनबाई, तसली एक झूल याला बी शिवून दे. अशीच आवळून. लई माजलाय, कुनालाच आटपत न्हाई. तुझ्या झुलीत जिथं इंजिन गप झालं, तिथं ह्याची काय बिशाद!"

घरातले पोट धरधरून हसत होते. आणि मी? सांगायला लाज वाटत नाही, मी तोवर टेप घेऊन बैलाच्या छातीचं माप घ्यायला अंगणात पोचले होते.