प्रार्थनावाल्यांचं घर

आमची वाडी जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेवर, डोंगराच्या उतारावर. भात, नाचणी आणि उन्हाळ्यात गोळा केलेला हिरडा, यावर घरं चालतात. मी नारायणगावात टोमॅटो वाहणाऱ्या पिकअपवर ड्रायव्हर आहे. शनिवारी घरी येतो.

वडील गेले आणि आईची झोप उडाली. पलीकडच्या वाडीतली एक बाई येऊन तिच्याजवळ बसायची, येशूची प्रार्थना करायची. हळूहळू आईला झोप लागू लागली, आणि तीही ती प्रार्थना करू लागली. पुढे दर रविवारी आमच्या ओसरीवर माणसं जमायला लागली. मी त्यांच्यात बसत नसे. बाहेर गाडी धूत बसायचो.

गावात कुजबुज झाली. आम्ही घरचे देव ओढ्यात टाकले असं कुणीतरी उठवलं. खरं तर वडिलांनी पूजलेले देवांचे टाक आईने फडक्यात बांधून जपून ठेवले होते, पण खरंखोटं बघायला कुणी आलं नाही. मग गिरणीवाल्याने आमचं दळण घेणं बंद केलं.

एका रविवारी सकाळी गाणं चालू असताना खालच्या गावातून मोटरसायकली वर आल्या. सगळ्यात पुढे माझ्याच वर्गातला एक जण होता. शाळेत आम्ही एका डब्यातलं खायचो. मला म्हणाला, “तू बाजूला हो. तुझ्याशी काय न्हाई आमचं.”

मी आडवा गेलो तर दोघांनी मला धरून ठेवलं. बाकीचे ओसरीवर चढले. ढोलकी फोडली. प्रार्थना सांगणाऱ्या त्या बाईवर एकाने काठी उगारली, आई मध्ये गेली आणि काठी तिच्या मनगटावर बसली.

मी पोलिसांना फोन लावला. पलीकडून सांगितलं, ती वाडी आमच्या हद्दीत येत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या ठाण्यात लावला, तर तिथेही तेच उत्तर. थोड्या वेळाने जीप आली तेव्हा मला बरं वाटलं. पण ती पोरांच्या फोनवरून आली होती. आई, ती बाई आणि मी, तिघांना जीपमध्ये घातलं. पोरं मोटरसायकलवरून मागे आली.

ठाण्यात पोरांना आत खुर्च्या मिळाल्या. आम्ही व्हरांड्यात फरशीवर. आईने सुजलेला हात पदरात धरला होता. हवालदार विचारत होता, तुम्हाला कोण पाठवतं, धान्य मिळतं का, कपडे मिळतात का. हाताबद्दल त्याने काही विचारलं नाही.

साहेबांनी मला एकट्याला आत बोलावलं. आवाज अगदी समजुतीचा होता. “तू चार माणसांत वावरणारा मुलगा. तू काही त्यातला दिसत नाहीस. आईला समजाव. घरी माणसं जमवणार नाही, एवढं लिहून द्या आणि जा. नाहीतर या मुलांची तक्रार घ्यावी लागेल, आमिष दाखवून धर्म बदलायला लावता म्हणून. त्यात तुझं नाव येणार नाही, ते मी बघतो.”

माझा वर्गमित्र खुर्चीतून माझ्याकडे बघत होता. पिकअपचा मालक दर चतुर्थीला ओझरच्या गणपतीला जाणारा. तक्रारीत नाव आलं तर तो मला ठेवील का, हेच डोक्यात होतं. आणि साहेब काही खोटं बोलत नव्हते. मी त्यातला नव्हतोच.

मी म्हणालो, “मीपण त्यातलाच आहे, साहेब.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग बाहेर बस.”

नंतर आईला आत नेऊन सही करायला सांगितली. मी दारातून बघत होतो. तिने पेन घेतलं नाही. “आदी माझ्या हाताचं लिवा, सायेब. कुनी मारलं ते लिवा. मंग बाकीचं बघू.”

साहेबांनी दम दिला, मग समजावलं, मग पुन्हा दम दिला. ती तेच बोलत राहिली, आवाज न चढवता. शेवटी एक महिला पोलीस उठली, दवाखान्याची चिठ्ठी केली आणि स्वतः तिला घेऊन गेली. हाड मोडलंय असं डॉक्टरांनी लिहिल्यावर आमची तक्रार घेणं भाग पडलं. ती वाचून दाखवली, तर मारणारे ‘अनोळखी इसम’ होते. ते तर आतल्या खोलीत चहा पीत होते. मी नावं सांगितली. तपासात निघतील, असं उत्तर मिळालं. पोरांचीही तक्रार घेतली. त्यात आमच्या तिघांची नावं होती, सगळी बरोबर लिहिलेली.

परतताना एस.टी.त आईने विचारलं, “खरंच त्यातला हाईस, का माझ्यासाठी बोल्लास?” मी तिचा बांधलेला हात माझ्या मांडीवर घेतला.

मालकाला सगळं कळलं. आठवड्याने एका सकाळी किल्ली हातात देऊन म्हणाला, गाडी नीट चालव, बाकीचं तुझं तू बघ. कोर्टाच्या तारखा अजून चालू आहेत. रविवारी आता एक पोलीस बंदोबस्ताला येतो. रस्त्याकडे पाठ करून, आमच्या ओसरीकडे तोंड करून बसतो आणि आत कोण जातं ते बघतो. येणारी माणसं निम्म्यावर आली आहेत. आई त्याला चहा पाठवते. गाणं हळू म्हणतात, ढोलकी नसते. मी आत, दाराजवळ बसतो. गाण्याचे शब्द मला अजून येत नाहीत. बाहेर मोटरसायकल वाजली की सगळ्यांचं गाणं अडतं, आणि ती पुढे गेल्यावर आईच पुन्हा सुरू करते.