पेन्सिलीने लिहिलेली ओळ

त्यांच्याविषयी मी लिहावं का, कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही. चुकलं तर माफ करा.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर लॅबचे मदतनीस होते. बोलणं निफाडकडचं. ‘सर’ म्हटलं की म्हणायचे, “सर वरच्या मजल्यावर. मी खालचा हाय.”

पहिल्या वर्षी डेटाबेसमध्ये लॉगिन करण्यात माझी तीन प्रॅक्टिकल वाया गेली. पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही. आपल्याला हे जमणार नाही, घरी परत जावं, असं मी ठरवून टाकलं होतं. ते शेजारी बसले. छापील पुस्तिकेवर बोट ठेवत एकेक पायरी त्यांनी स्वतः करून पाहिली. मग म्हणाले, “तू नाय चुकला, बाबा. पुस्तक चुकलंय.”

लॉगिनची पद्धत बदलल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, ही ओळच छापायची राहिली होती. त्यांनी ती सगळ्या प्रतींत पेन्सिलीने लिहिली.

“पेनने लिहा ना,” मी म्हणालो.

“वर कळवलंय. पुढच्या साली छापतील, मग हे खोडता येईल.”

पुढच्या साली तीच चूक छापून आली. त्यांनी पुन्हा पेन्सिलीला टोक केलं.

यंदा सुट्टीनंतर लॅबमध्ये गेलो, तर एक नवी मुलगी रडवेली होऊन पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत होती. तिची पुस्तिका उघडून पाहिली. ओळ नव्हती.

बाहेर येऊन शिपाईकाकांना विचारलं.

“तुला कोणी सांगितलं नाय?” ते म्हणाले. “मे महिन्यातच वारले ते.”