नात्याचा रकाना

अर्जात ‘मुलाशी नाते’ असा एक रकाना होता. आईच्या सांगण्यावरून मी त्यात ‘आई’ असं लिहिलं. त्या दोन अक्षरांपायी आमची आठ वर्षं गेली. लिहिणारी मीच होते, म्हणून त्याचा राग मला अजूनही येतो.

मुलगा म्हणजे माझा धाकटा भाऊ, कान्होजी. तो दीड वर्षाचा असताना आमचे वडील विश्वासराव विषमज्वराने गेले आणि ग्वाल्हेरच्या नई सडकेवरचं त्यांचं लहानसं दुकान उठलं. थोरले काका सूर्याजीराव महाराजांच्या रिसाल्यात होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. आईने कान्हूला त्यांच्या ओटीत दत्तक दिलं, रीतसर होम करून, स्वतःच्या हाताने पाणी सोडून. तो मुरारला काकांच्या घरी गेला, काकीला आई म्हणू लागला आणि आमच्या आईला काकी. आम्ही महिन्यातून एकदा त्याला भेटायला जायचो.

पुढे काकी क्षयाने गेल्या आणि वर्षाच्या आत काकाही चाकरीत असतानाच वारले. सहा वर्षांचा कान्हू किला गेटच्या आमच्या दोन खोल्यांत परत आला. आई त्याला रोज सांगायची, मला आई म्हण. तो काकी म्हणायचा, जीभ चावायचा, आणि पुन्हा काकीच म्हणायचा. बऱ्याच महिन्यांनी तापात पडलेला असताना त्याने ‘आई’ अशी हाक मारली. ती शिवण टाकून धावली. त्या दिवशी ती किती रडली ते मी पाहिलंय.

तेवढ्यात संस्थान विलीन झालं. चाकरीत वारलेल्या शिपायाच्या पोरक्या मुलाला अठरा वर्षांचा होईपर्यंत दरमहा परवरिशीची रक्कम मिळायची. मध्य भारत सरकारने ती चालू ठेवली, पण अर्ज नव्याने करायचा होता. तो मी लिहिला.

अर्ज नामंजूर झाला असता तर सुटलो असतो. तो नुसता फिरत राहिला. नव्या राज्याच्या राजधान्या दोन, म्हणून दफ्तर हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. आमचा कागद कधी पेटीत बांधलेला, कधी मालगाडीत, कधी कुठे ते ठाऊकच नाही. दर हिवाळ्यात आई चालत जायची, दिवसभर बाकावर बसायची आणि ‘अगले हफ्ते’ ऐकून परत यायची. शेरा ठरलेला: मुलाची आई हयात आहे, मग मुलगा पोरका कसा?

लक्ष्मीकांतराव नावाचे एक कारकून भले होते. त्यांनी तिला बाजूला बोलावून समजावलं की कायद्याने तुम्ही त्याच्या काकी लागता, रकाना तेवढा सुधारून द्या, महिन्याभरात काम होईल. ती ‘बघते’ म्हणाली आणि घरी आली. वर्षानुवर्षं बघतच राहिली. लोकांची झंपरं शिवून शिवून तिचे डोळे अधू झाले, सुई मला ओवून द्यावी लागायची. एकदा मी तोंड सोडलं. एका शब्दासाठी पोराची शाळा घालवणार आहेस का, म्हणून ओरडले.

ती हळूच म्हणाली, “एकदा दिलाय मी त्याला, सुमन. आणखी किती वेळा देऊ?”

मला ते पटलं नाही.

छप्पन साली राज्यांची नव्याने आखणी झाली आणि दफ्तर भोपाळला जायचं ठरलं. न सुटलेली जुनी प्रकरणं बरोबर नेणार नाहीत, असा लक्ष्मीकांतरावांनी निरोप धाडला. त्याच आठवड्यात फी थकली म्हणून कान्हूचं नाव शाळेतून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि आम्हाला दोघांना ‘चला’ म्हणाली.

साहेब नवे होते. त्यांनी आईला काही विचारलंच नाही. पंधरा वर्षांच्या कान्हूला विचारलं, “ये तुम्हारी कौन लगती हैं?”

“चाची,” तो म्हणाला. जराही अडखळला नाही.

“और माँ?”

“नहीं रहीं, साहब.”

आई टेबलाच्या पायाकडे बघत होती. मी रकान्यात ‘काकी’ लिहिलं, तिने खाली सही केली, शिक्का बसला. एवढंच काम होतं.

परतताना तिला चालवेना. कान्हू म्हणाला, “काकी, इथे बस, मी पाणी घेऊन येतो.” मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आता कोण ऐकतंय म्हणून.

“दर साल जाँच होईल, ताई,” तो म्हणाला. “जबान को आदत पाहिजे.”

“खरंय त्याचं,” आई म्हणाली. “म्हणू दे.”

परवरिश पुढची तीन वर्षं मिळाली. दर वर्षी त्याला तेच विचारलं गेलं आणि तो तेच सांगत राहिला. त्यावर तो मॅट्रिक झाला. अठरा वर्षं पूर्ण झाली त्या सकाळी आईने शिरा केला. आता जाँच नव्हती. ती ताट वाढून त्याच्यासमोर बसली, नुसती वाट बघत. काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं, त्यालाही कळलं असावं.

“काकी,” तो म्हणाला, आणि त्याने जीभ चावली. पुन्हा तोंड उघडलं, आणि पुन्हा काकीच म्हणाला.

तिने ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि गार होण्याआधी खा म्हणून सांगितलं.