सिंकखालचा गोळा

भाड्याच्या या घरात आल्या आल्या मी सिंकखालचा सिमेंटचा ओबडधोबड गोळा फोडून टाकला. डोळ्यांत खुपत होता. थंडी पडली आणि गोळ्यामागे पाइपाशेजारी उघड्या पडलेल्या भोकातून उंदीर आला, माझी गोधडी कुरतडून गेला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तो काढलास? आधीच्या बाईंनी फुटक्या बांगड्या कुटून भरल्या होत्या त्यात. काचेला उंदीर दात लावत नाही."

त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. त्यांनी भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांवरून मात्र त्यांना किती नावं ठेवली! आपल्याआधी कुणी आपली काळजी करून गेलेलं असतं, हे कुठे ठाऊक असतं?

आज माझ्या फुटक्या बांगड्या सिमेंटमध्ये कालवल्या, भोक बुजवलं. गोळा तसाच ओबडधोबड झाला. पुढची भाडेकरीण मलाही नावं ठेवील. ठेवू दे. तिची गोधडी शाबूत राहो.