गोष्ट मी चालवत होतो

नानानं मले धुऱ्यावर बसवलं. बाकीचे सगळे आगटीजवळ.

"तिकडं बस. तिथं सावली हाये," नाना म्हणाला. थंडीचे दिवस होते. हुरड्याच्या दिवसात सकाळी सावली कोणाले पाहिजे असते? सगळे उन्हाकडं पाठ करून, आगटीकडं हात करून बसले. मी सावलीत, वावराच्या काठाले.

हुरडा आला तो पळसाच्या पानावर. नानाच्या सालदारानं ते पान माह्यासमोर मातीत ठेवलं अन् हात झटकले. बाकीच्याइले ताटल्या. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. माह्या पानावर निरा हुरडा. पाणी मांगतलं तं वरून ओंजळीत ओतलं. मी प्यालो, अन् हुरडाही खाल्ला. भूक लागली होती. सकाळच्या पॅसेंजरनं बिना चहाचा निघालो होतो अकोल्याले.

अन् त्याच्या जरासाच आधी हाच नाना मले मिठी मारून म्हणत होता, "या महाराज. तुमचंच दर्शन बाकी होतं."

महाराज काऊन, ते सांगतो.

मी तारबाबू. अकोला अन् बडनेऱ्याच्या मधात एक लहानसं स्टेशन हाये, त्याचं नाव सांगून काय करता. छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं, अन् मंग थोड्याच दिवसात मी या नोकरीत लागलो. आमच्या घरातली खुर्चीवर बसाची पयली नोकरी. बापानं जलमभर दुसऱ्याच्या गंजीवर कडबा रचला. त्याले माही खुर्ची पाहाले भेटली नाही.

तार म्हणजे एक वायर अन् तिच्यावर सगळे स्टेशन. मी कळ दाबली का टिकटिक अकोल्यालेही जाये, मूर्तिजापूरलेही, बडनेऱ्यालेही. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही. माणूस वळखाचा तो त्याच्या हातावरून. अकोल्याच्या नानाचा हात संथ. मूर्तिजापूरचा मुकुंदा घाईचा, अर्धे अक्षरं खाऊन टाके. बडनेऱ्याचे कादरभाई शेवटचं अक्षर ओढून धरत. माह्या हाताले ते म्हणत, साफ हाये.

दुपारी गाड्या कमी. उन्हाळ्यात वरचे पत्रे तापत, झोप येये अन् झोपता येत नसे. अशाच एका दुपारी मी तारेवर गोष्ट सुरू केली. नुसती सांगाची गोष्ट नाही, खेळाची. मी ठोकलं: तुमी तिघं गाविलगडाच्या पायथ्याशी आले. दिवस बुडाले आला. दार बंद हाये. वर भिंतीवर कोणीतरी हलून राहिलं. सांगा, काय करता?

अक्षरं इंग्रजी, बोली आपली. नाना झाला सरदार, मुकुंदा तिरंदाज, कादरभाई हकीम. ते सांगत आपण काय करतो, मी सांगे मंग काय झालं. ते चुकले का मी त्याइले दरीत पाडे. जमलं का गडाची एक खोली उघडे. रस्ता कुठून, पाणी कुठं, कोणता किल्लेदार फितूर, सगळं माह्या डोक्यात.

ही रीत माह्या मायची. कापूस वेचताना ती बायाइले गोष्ट सांगे अन् मधातच थांबे. "सांग वं, तू असती तं काय केलं असतं?" जिनं जे सांगतलं तिकडं गोष्ट वळे. वावर संपे, गोष्ट संपत नसे.

नशिबाचा भाग आला, म्हणजे चढताना दोर तुटते का टिकते, तं ते मालगाडी ठरवे. गाडी पुरी गेली का नाही हे समजाले आमाले शेवटचा डबा पाहावाच लागते. त्या डब्याच्या नंबराचा शेवटचा आकडा धराचा. पाचाच्या वर आला तं जमलं, नाही तं पडला. तीच गाडी पुढं-मागं सगळ्याइच्या फलाटावरून जाये. खोटं बोलाले जागाच नव्हती.

वर्सभर चाललं हे. ते मले महाराज म्हणू लागले. इतक्या गोष्टी येतात म्हणजे हा घरचा पुराणिकच असन, असं त्याइनं आपसातच ठरवून टाकलं. मले कोणी इचारलं नाही. मंग नानानं तारेवरच आवतन धाडलं, माह्या वावरात हुरड्याले या, एकमेकाचे तोंडं तरी पाहू.

वावरात मिठी सुटल्यावर नानानं आडनाव इचारलं. मी सांगतलं.

"म्हणजे कोणते तुमी?"

"बौद्ध."

नानाचे हात खाली गेले. धोतराले पुसले त्यानं ते. मुकुंदा आगटीत काडी खुपसत बसला. कादरभाईनं जरा वेळ माह्याकडं पाहिलं, मंग तेही दुसरीकडं पाहाले लागले. मले राग नाही आला. खरं सांगतो, थकवा आला. इतकं शिकलो, इतकं चाललो, अन् शेवटी तिथंच येऊन बसलो.

पुढचे काही दिवस तार कामापुरती वाजली. मंग एका दुपारी नानाचा संथ हात आला.

"गोष्ट आता मुकुंदा चालवीन. तू बी खेळ, नाही कोण म्हणते. तुले येसकर करू. दार राखाचं, मशाल धरून आमच्या पुढं पळाचं. तुमचंच काम होतं नं ते. खरं वाटीन."

मी ठोकलं, बरं.

तो गड मी उभा केला होता. वर्सभर, एकेक दगड. तो हातचा जाताना दिसत होता. दाराशी का होईना, त्याच्यात राहू, इतकंच वाटलं मले. माणूस थकला का असाच कमी भावात राजी होते.

मुकुंदाची गोष्ट काही चालेना. शत्रू आला, सरदारानं मारला, पुन्हा शत्रू आला. कंटाळा आला का त्याइचं ध्यान माह्याकडं वळे.

"येसकरा, मुजरा कर." मी ठोके, केला.

"येसकरा, सरदाराचे जोडे उचल." उचलले.

तारेवर हसाची एक खूण असते, बारीक बारीक ठोके. त्या दुपारी ती खूण लई वाजली. मी माह्या खोलीत एकटा होतो. दार लावलेलं. समोर कोणी नव्हतं, तरी माही मान खाली गेली होती, अन् पाठीतून वाकलो होतो मी. हे जरा मागून ध्यानात आलं.

मंग नाना म्हणाला, "मुकुंदाले जमून नाही राहिलं. पुढं काय व्हाचं ते तू गार्डाच्या हाती लिहून धाडत जा. तो त्याच्या हातानं ठोकीन." गोष्ट माही, पण हात मुकुंदाचा पाहिजे होता त्याइले. कोणापासून लपवाचं होतं बाप्पा? आमी चौघंच तं होतो.

त्या दिवशी मी निरा कामाचे निरोप ठोकले. दुसऱ्या दुपारी त्याइचा खेळ गडाच्या मोठ्या दारापाशी आला. मुकुंदानं ठोकलं, "येसकरा, सरदार आले. दार उघड."

कळीवर बोट ठेवून मी बसलो. मंग ठोकलं, "उघडत नाही."

"म्हणजे?" हा नाना.

"दार राखाले तुमीच ठेवलं मले. उघडत नाही."

"मंग नंबर पाहू," नाना म्हणाला. बरोबरच होतं, नियम माहाच होता. मालगाडी आली. मी झेंडी घेऊन फलाटावर उभा राहिलो. शेवटचा डबा समोरून गेला. आकडा आठ. आत येऊन मी आठ ठोकला.

"आठ. उघडलं दार," नाना.

मी सावकाश ठोकलं, एकेक अक्षर, कोणाले पुन्हा इचारावं लागू नये असं. "आठ आला हे कबूल. तरी उघडत नाही. दोर तुटते का टिकते, हे गाडीवर सोडता येते. मी वाकाचं का नाही, हे गाडीवर सोडत नसतात. अन् गोष्ट माही हाये. ती मी मुकुंदाच्या हातानं सांगणार नाही. मी खेळातून उठलो."

मंग नाना: "जास्त झालं तुले. सरकारी तारेवर खेळ करते म्हणून साहेबाले सांगतो."

मी ठोकलं, "सांगा."

त्यानं सांगतलं. एकट्या माह्याच नावानं सांगतलं. खेळलो चौघं, बदली एकाची झाली, तिकडं घाटाच्या अंगाले, जिथं गाडी कवाकवाच थांबते. निघाच्या दिवशी कादरभाईचा हात आला, शेवटचं अक्षर ओढत. "माफ करना बाबू. बाल-बच्चेवाला हूं." त्याइच्यावर राग नाही. भरोसाही नाही.

मायले कळलं तं ती घाबरली. "त्या मोठ्या लोकाइच्या आडवा कायले गेला? नोकरी गेली असती म्हणजे?"

मी म्हणालो, "गेली असती."

आता या स्टेशनावर हावो. इथं बी तार हाये अन् इथं बी रिकाम्या दुपारी हायेत. पयल्याच दिवशी पलीकडून कोणीतरी ठोकलं, "नवे बाबू कोण?" मी नाव ठोकलं. आडनाव ठोकलं. अन् कोणी इचाराच्या आधी पुढचं बी ठोकलं, बौद्ध. पलीकडचा हात थांबला. मी थांबलो नाही. म्हणालो, "दुपारी मी गोष्ट चालवतो. ज्याले खेळाचं त्यानं हे ऐकून खेळावं. माह्या गोष्टीत येसकर नाही."

कोणी आलं नाही. आज बी आलं नाही. कामाचे निरोप येतात, जातात, अन् दुपारी सगळे आपापल्या जागी चूप बसून ऐकतात हे मले माहीत हाये. मी थकलो हावो, ते खोटं नाही. पण रोज दुपारी कळ दाबतो. आधी नाव, मंग आडनाव, मंग बौद्ध, अन् मंग गोष्ट. खेळाले कोणी येवो नाही तं न येवो, ती माह्याच नावानं अन् माह्याच हातानं चालन. दुसऱ्याच्या नावाखाली आता एक अक्षर ठोकणार नाही.